डोक्यावरच्या आकाशाकडे वळवताच न्यूटोनियन दुर्बिणीचा तोल का जातो?

प्रश्न – कृत्तिकावेडा, नाशिक

माझ्याकडे १५० मिलिमीटर व्यासाची आणि ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण (आरशाची, नळीच्या बाजूने पाहायची) असून ती इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेल्या बैठकीवर, बसवलेली आहे. गच्चीवर मांडणी करताना मी आधी वजनाचा दांडा आडवा करून, वजन मागेपुढे सरकवत विषुवांश अक्षाचा, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या त्या अक्षाचा, तोल साधतो. मग त्या अक्षाचा क्लच (अक्ष जागेवर धरणारी खीळ) आवळून नळी आडवी धरतो आणि तिला धरणाऱ्या कड्यांमधून सरकवून क्रांती अक्षाचाही, म्हणजे पहिल्याशी काटकोनात असलेल्या अक्षाचाही, तोल साधतो. दक्षिणेकडे अगस्त्य तारा पाहीपर्यंत सारे ठीक असते; परंतु कृत्तिका डोक्यावर आल्यावर क्रांतीचा क्लच सैल करताच नळी एका बाजूला कलंडते. काल तर नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) कठड्यावर आपटता आपटता वाचली. माझे नेमके कोठे चुकते आहे?

उत्तर – ध्रुवमत्स्य, पुणे

आपली पद्धत बरोबर आहे, तपासणी मात्र अर्धी राहिली आहे. न्यूटोनियनचा फोकसर (नेत्रिका धरणारा, मागेपुढे सरकणारा भाग), त्यातील नेत्रिका आणि नेम धरायची छोटी शोधक दुर्बीण ही सगळी ओझी नळीच्या एका अंगाला असतात. नळी आडवी असताना हे अंग वर आलेले असेल, तर त्याचे वजन क्रांती अक्षाच्या बरोबर वरून खाली दाबते आणि नळी कोणत्याच बाजूला फिरत नाही. त्यामुळे तोल साधला असे आपल्याला वाटते. तीच नळी उभी केली की ते अंग आडवे बाहेर येते आणि नळीला आपल्याकडे ओढू लागते. कृत्तिका नाशिकहून मध्यमंडलावर (आकाशातील उत्तर-दक्षिण रेषेवर) येतात तेव्हा खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम चार अंशांवर असतात, म्हणून हा दोष आपल्याला तेथेच जाणवला.

यावर उपाय असा, की नळी आडवी ठेवून कड्या किंचित सैल कराव्यात आणि फोकसर माउंटच्या नेमक्या विरुद्ध दिशेला, म्हणजे क्रांती अक्षाच्याच रेषेत येईल अशी नळी स्वतःभोवती फिरवावी. तत्पूर्वी कडीच्या काठाशी नळीवर चिकटपट्टीची खूण करावी, कारण सैल कडीतून नळी पुढेमागे सरकते आणि आधीची मेहनत वाया जाते. शोधक दुर्बीण तिरकीच राहणार असल्याने थोडा कल उरतो. त्यासाठी मी तिच्या समोरच्या अंगाला जुन्या तराजूचे १०० ग्रॅमचे वजन व्हेल्क्रोच्या पट्टीने बांधले आहे. ते दिसायला ओबडधोबड आहे, पण काम चोख होते. बदल केल्यावर नळी आडवी, तिरकी आणि उभी अशा तिन्ही स्थितींत तपासावी आणि क्लच सोडताना एक हात नळीखाली ठेवावाच.

उत्तर – दांडा_आणि_वजन, कोल्हापूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त तोल साधताना दुर्बिणीवर काय काय असते, हेही प्रश्नकर्त्यांनी पाहावे. झाकणे काढलेली, शोधक दुर्बीण बसवलेली आणि त्या रात्री वापरायची सर्वांत जड नेत्रिका फोकसरमध्ये असली पाहिजे. नेत्रिकेच्या जागी कॅमेरा लावला तर तोल पुन्हा पहिल्यापासून साधावा लागतो.

आणखी एक गोष्ट आपल्या अक्षांशाशी निगडित आहे. नाशिकला ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २० अंशच वर असल्यामुळे विषुवांश अक्ष बराच आडवा होतो आणि नळी व वजन यांचा भार तिपाईच्या मध्यापासून उत्तरेकडे झुकतो. म्हणून तिपाईचा एक पाय उत्तरेलाच ठेवावा, मात्र दांडा फिरताना त्या पायाला अडत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. जोडताना आधी वजन आणि मग नळी, उतरवताना आधी नळी आणि मग वजन, हा क्रम मोडू नये. दांड्याच्या टोकाचा सुरक्षा स्क्रूही विसरू नये. तो न लावल्याने माझ्या पायाच्या अंगठ्याचे काय झाले, ते सांगण्याजोगे नाही.

कृत्तिकावेडा, नाशिक

दोघांचेही आभार. काल फोकसर बाहेरच्या बाजूस वळवला आणि नळी उभी करूनही जागची हलली नाही. शोधक दुर्बिणीचा थोडासा कल तेवढा उरला आहे. आता एक उपप्रश्न असा, की विषुवांश अक्षाला मोटर असेल तर तोल अगदी काटेकोर नसावा, पूर्वेची बाजू किंचित जड ठेवावी, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

ध्रुवमत्स्य, पुणे

खरे आहे, पण ते मुख्यतः छायाचित्रणासाठी. पूर्वेची बाजू किंचित जड असली की मोटर ते ओझे सतत उचलत राहते, त्यामुळे गिअरचे दाते एकाच अंगाने टेकलेले राहतात आणि तारा मागेपुढे हिंदकळत नाही. पश्चिमेकडे पाहताना नळी पूर्वेला असते, म्हणून वजन थोडे आत घ्यावे. पूर्वेकडे पाहताना वजन पूर्वेला असते, म्हणून ते थोडे बाहेर न्यावे. दांड्यावर अर्धा सेंटिमीटर सरकवून पाहावे. कॅमेरा न लावता नेत्रिकेतून डोळ्यांनीच निरीक्षण करायचे असेल, तर या खटाटोपाची मला गरज वाटत नाही.