‘विधेय’, ‘आज्ञाधारक’ की नुसतं ‘ऐकणारा’?

खानापूर : सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं. तरुणांच्या शिबिराचा कन्नड मथळा ‘नंबिगस्त विधेयते’, म्हणजे विश्वासू आज्ञाधारकपणा, असा ठरलाय. मराठीत ‘विश्वासू विधेयता’ लिहून आलंय, पण ते कानाला खटकतं. काय लिहावं?

निपाणी : खटकणारच. मराठीत ‘विधेय’ म्हटलं की व्याकरणाचा तास आठवतो, उद्देश्य आणि विधेय. कन्नडात तो चालता शब्द आहे, शाळेच्या अर्जाखाली ‘तम्म विधेय विद्यार्थी’ लिहितात. त्या जागी आपण ‘आपला आज्ञाधारक’ लिहितो आणि कचेरीच्या पत्राखाली ‘आपला विश्वासू’. हे दोन्ही शब्द पत्राच्या शेपटीला बांधून बांधून झिजलेत.

‘विश्वासू’चं आणखी एक. आपल्याकडे ‘विश्वासणारा’ म्हणजे श्रद्धा ठेवणारा आणि ‘विश्वासू’ म्हणजे ज्याच्यावर काम सोपवून निर्धास्त राहावं असा. नव्या कराराच्या मूळ ग्रीकात दोन्हीला ‘पिस्तोस’ हा एकच शब्द चालतो. बायबलात मत्तय 25:21 मधल्या दासाला शाबासकी मिळते ती धन्याचा पैसा कामाला लावला म्हणून. तिथे ‘विश्वासू’च हवं, ‘विश्वासणारा’ घातलं तर दाखल्याचा, म्हणजे त्या बोधकथेचा, कणाच मोडतो.

बेळगाव, शहापूर : माझं मत ‘ऐकणे’ला. नव्या करारातला आज्ञापालनाचा ग्रीक शब्द ‘हुपाकोए’ हा ‘ऐकणे’ याच धातूवरून आलाय. 1 शमुवेल 15:22 मध्ये यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं असं शमुवेल शौलाला सुनावतो, तिथेही हिब्रूत मूळ क्रियापद ‘शामा’, म्हणजे ऐकणे. आई पोराला ‘माझं ऐकायलास काय?’ विचारते तेव्हा ती कानाची तपासणी करत नसते.

चिकोडी : हरकत आहे ताई. याकोब 1:22 सांगतो की केवळ ऐकणारे होऊ नका, करणारे व्हा. फलकावर ‘ऐका’ लिहिलं की पोरं म्हणणार, ऐकलं की, आता जेवायला चला.

बेळगाव, शहापूर : हरकत बरोबर आहे, पण उत्तर विभक्तीत आहे. ‘वचन ऐकलं’ म्हणजे कानावर पडलं. ‘देवाचं ऐकलं’ म्हणजे तसं केलं. षष्ठी लागली की अर्थ पालटतो. याकोबाचा रोख पहिल्यावर आहे, आणि तिथला ग्रीक शब्दही वेगळा, ‘अक्रोआतेस’, श्रोता. कन्नडात तर गंमत बघा. ‘अप्पन मातु केळु’ म्हणजे बापाचं ऐक आणि ‘अप्पन्न केळु’ म्हणजे बापाला विचार. दुभाष्यानं हे गाळलं की प्रवचनाची वाट लागते.

हुक्केरी : मग ‘अधीन’? आमच्याकडे प्रत्येक ठिकाणी ‘अधीन व्हा’ चालतं.

निपाणी : सरसकट नको. इफिस 6:1 मध्ये मुलांना सांगितलंय ते ‘हुपाकोए’च्या घरातलं क्रियापद, मराठीत ‘आज्ञेत राहा’. 5:21 मध्ये मात्र ‘हुपोतासो’, म्हणजे अधीन होणे, आहे, आणि ते एकमेकांच्या अधीन होण्याबद्दल. फक्त 5:22 वाचून बायकोला ‘अधीन’ सुनावणारे आदली ओळ खातात. शब्दापेक्षा ही खोड जास्त नडते. आणि माणसाची आज्ञा देवाच्या आज्ञेवर आली तर काय, ते प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये पेत्रानं यहुदी न्यायसभेपुढे स्वच्छ सांगितलंय, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ‘पाळक (पास्टर) म्हणाले’ एवढ्यानं आज्ञापालन होत नाही.

बेळगाव, शहापूर : शिबिरात शब्द समजवायचा तर वचनातली क्रियापदं ओळीनं फळ्यावर लिहा. मत्तय 5:23-24 घ्या. अर्पण वेदीजवळ ठेव, जा, भावाशी समेट कर, मग ये आणि अर्पण कर. चुकतो तो क्रम. बांधावरून दोन भाऊ तीन वर्षं बोलत नाहीत आणि सुगीच्या अर्पणाला दोघांच्याही धान्याच्या पाट्या पहिल्या रांगेत. इथे क्रियापदं पाच आहेत, पाळलं गेलं शेवटचं एकच. आणखी एक बारकावा, वचनात भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर असं आहे. आपला राग आहे का, हा प्रश्नच तिथे नाही.

चिकोडी : लेवीय 19:13 पण घ्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत जवळ ठेवायची नाही. ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 24:15 तर सूर्य मावळायच्या आत द्या म्हणतं, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आपल्या ऊसपट्ट्यात ‘हिशोब कारखान्याचं बिल निघाल्यावर’ हे इतकं अंगवळणी पडलंय की तिथे आज्ञा मोडतेय हे सुचतसुद्धा नाही. खुरपणीच्या बाईची मजुरी त्याच संध्याकाळी हातात द्यायची, हे ‘देवाचं ऐकणं’. पोरांना ‘विधेयता’पेक्षा लवकर कळेल.

खानापूर : ठरलं. कन्नड मथळा तसाच, मराठीत ‘देवाचं ऐकू या’. अनुस्वार ठेवू की ‘देवाचे’ करू?

निपाणी : अनुस्वारच ठेवा. बोलल्यासारखं वाचलं जातं. आणि रंगाऱ्याला बजावून सांगा, ‘ऐकू’चा ऊकार दीर्घ आणि ‘या’ तोडून. इथले बरेच फलक ‘ऐकुया’ म्हणून रंगतात.