नाव कधी काढायचं, विमा कधी तोडायचा

रश्मी: नमस्कार मंडळी. जर्मनीतलं आखेनचं घर ठरलं, चावीही हातात आली. ओंकार 1 ऑक्टोबरला तिकडे जॉइन होतोय. उद्या मी सुट्टी घेतलीय. इथे नेदरलँड्सला आइंडहोवनच्या पालिकेत जाऊन चिनूसकट आम्हा तिघांचंही रहिवासी नोंदीतलं नाव काढते आणि इथला हेल्थ इन्शुरन्स ऑनलाइन बंद करते. एकदाचं मिटवून टाकते. मिलिंददादा, बरोबर ना?

मिलिंददादा: थांब. काहीही बंद करू नकोस. मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी लिहितो.

आत्या: अगं रश्मे, अभिनंदन! घर कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का?

रश्मी: तिसऱ्या. लिफ्ट नाही, आत्या 😄

अण्णाकाका: विमा मध्येच तोडायचा नसतो. एका दिवसाचा जरी खंड पडला तरी जुने आजार पुन्हा पहिल्यापासून मोजतात. ओंकारराव, पोर्टिंग करून घ्या.

ओंकार: काका, इकडे पोर्टिंग नाही. जुन्या आजाराचं वेटिंगही नाही. नेदरलँड्समध्ये बेसिक पॉलिसी कंपनीला कोणालाही नाकारता येत नाही, जर्मनीतल्या सरकारी योजनेतही आजार विचारत नाहीत. आणि आमच्या डच कार्डाच्या पाठीमागे युरोपियन हेल्थ कार्ड आहेच. सुरुवातीचे दोन-तीन महिने त्यावर निघतील असं वाटतंय.

मिलिंददादा: ओंकारराव, तिथेच तर फसगत होते. ते कार्ड पाहुण्याचं. सहलीला गेलात, पाय मुरगळला, दाखवलंत, काम झालं. बिऱ्हाड हलवलंत की ते चालत नाही. मूळ डच विमाच संपला तर त्याच्या पाठीवरचं कार्ड कसलं उरतंय?

आता सविस्तर सांगतो, कारण यात मी स्वतः आपटलोय. 2016 मध्ये आम्ही नायमेखन सोडून सीमेपलीकडे क्लेवेला घर घेतलं. नोकरी नायमेखनलाच. माझा पासपोर्ट डच असल्यामुळे परवान्याची कटकट नव्हती. मी साधा हिशेब केला: राहतो जर्मनीत, म्हणजे विमा जर्मनीचा. इथली पॉलिसी तोडली आणि तिकडच्या क्रांकनकासेत, म्हणजे त्यांच्या विमा संस्थेत, अर्ज घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, नोकरी कुठे? नेदरलँड्स म्हटल्यावर अर्ज माझ्याकडे सरकवला. "तिथून एस-वन फॉर्म घेऊन या." म्हणजे विमा एका देशात आणि घर दुसऱ्या देशात असल्याचा दाखला. विमा घराच्या मागे जात नाही, नोकरीच्या मागे जातो. मध्ये सात आठवडे गेले, आणि नेमकी त्यातच गौरीची अक्कलदाढ.

गौरीवहिनी: दाढ माझी, अक्कल ह्यांची.

मिलिंददादा: 🙏 बिल खिशातून भरलं. मग डच पॉलिसी मागच्या तारखेपासून चालू झाली, सात आठवड्यांचा हप्ता एकदम भरला. गंमत अशी की एस-वन क्रांकनकासेत नोंदवल्यावर उपचार जर्मनीच्या नियमाने मिळू लागले. मोठ्या माणसांचे दात डच बेसिक पॉलिसीत नसतात, जर्मनीत असतात. दोन महिने आधी डोकं चालवलं असतं तर दाढ फुकटात निघाली असती.

तुमची गोष्ट वेगळी. ओंकाररावांची नोकरीच तिकडे, म्हणून 1 ऑक्टोबरपासून त्यांचा विमा जर्मन. पण रश्मी, तुझ्या नोकरीचं काय?

रश्मी: राजीनामा दिलाय. शेवटचा दिवस 31 ऑक्टोबर. ऑक्टोबर आखेनहून वर्क फ्रॉम होम करायचं ठरवलंय, मॅनेजर हो म्हणालाय.

मिलिंददादा: मॅनेजर हो म्हणेल गं, सोशल सिक्युरिटी त्याच्या हातात नाही. राहायचं एका देशात, काम दुसऱ्या देशातल्या कंपनीचं आणि तेही घरून, म्हणजे एकूण कामाचा 25 टक्के किंवा जास्त भाग राहत्या देशात झाला की सगळी वर्गणी राहत्या देशाकडे जाते. जुलै 2023 पासून एक सवलत आहे: घरून काम 50 टक्क्यांच्या आत असेल तर कंपनी ए-वन सर्टिफिकेट, म्हणजे वर्गणी कोणत्या देशात भरता त्याचा दाखला, काढून तुला डच योजनेतच ठेवू शकते. पण तू तर पाचही दिवस घरून म्हणतेस. एका महिन्यासाठी तुझ्या डच कंपनीने जर्मनीत तुझी वर्गणी भरायची? एचआरला हे विचारलंस की त्यांना घाम फुटेल.

रश्मी: बाप रे. हे डोक्यातच नव्हतं.

अण्णाकाका: मग पोरीने करायचं काय?

मिलिंददादा: काही नाही. महिनाभर जागेवर बसायचं. आइंडहोवनच्या घरमालकाला नोटीस दिलीय का? आणि तुझं रेसिडेन्स कार्ड ओंकाररावांवर आहे की स्वतःचं?

रश्मी: नोटीस अजून नाही दिली. कार्ड माझं स्वतःचं, माझ्या कंपनीचं. चिनूचंही माझ्यावरच.

मिलिंददादा: मग प्रश्नच मिटला. तू आणि चिनू ऑक्टोबरअखेर आइंडहोवनचेच रहिवासी. नाव तिथेच, विमा तिथलाच. चिनूचा तसाही 18 वर्षांपर्यंत फुकट. शनिवार-रविवार आखेनला गेलात आणि कोणाला ताप आला तर ते युरोपियन कार्ड दाखवा, तेव्हा तुम्ही खरोखरच पाहुणे. फक्त ओंकाररावांनी आधी जायचं. तिघांच्या तारखा एक करायच्या नादात सगळा घोळ होतो.

आणि उद्या गेली असतीस तरी उपयोग नव्हता. परदेशी जाताना पालिका निघण्याच्या जास्तीत जास्त पाच दिवस आधी नोंद घेते. ओंकारराव 30 सप्टेंबरला निघणार तर 25 तारखेच्या आधी त्यांना कोणी दारात उभं करणार नाही. नाव काढल्याचा दाखला मागून घ्या, विमा कंपनी तारखेचा पुरावा मागते. बीएसएन, म्हणजे डच नागरी नंबर, जन्मभर तोच राहतो, काळजी नको. डच सिम मात्र चालू ठेवा. डिजिडीचा, म्हणजे डच सरकारी वेबसाइटांच्या लॉगिनचा, कोड त्यावर येतो आणि पुढच्या वर्षी स्थलांतराच्या वर्षाचा वेगळा टॅक्स फॉर्म भरायचाय.

ओंकार: दादा, माझं डच रेसिडेन्स कार्ड ब्लू कार्ड आहे, म्हणजे उच्चशिक्षितांचा युरोपियन नोकरी-परवाना, 14 महिने झाले. कंपनीच्या वकिलाने जर्मन ब्लू कार्डाचा अर्ज इथूनच घातलाय, रश्मी-चिनूचाही सोबत.

मिलिंददादा: उत्तम. 12 महिने झालेले असले की दुसऱ्या देशात वेगळा व्हिसा न काढता जाता येतं, फक्त तिकडे पोचल्यापासून महिन्याच्या आत अर्ज घातलेला हवा. तुमचा तर आधीच गेलाय. हे साध्या डच नोकरीच्या परवान्यावर जमत नाही, लोक तिथे गल्लत करतात.

ओंकार: आणि क्रांकनकासे की प्रायव्हेट? माझा पगार वर्षाला 73,800 युरोच्या वर आहे, म्हणजे 2025 च्या नियमाने मला निवडता येतं. प्रायव्हेटवाल्याने निम्म्याहून कमी हप्ता सांगितला. सरकारीत पगाराच्या 14.6 टक्के, वर संस्थेची जादा वर्गणी. निम्मं कंपनी भरते, तरी माझ्या वाट्याला महिन्याला साधारण 470 युरो येतात. इथे दीडशेच्या आसपास भरतोय!

अण्णाकाका: निम्म्याहून कमी कोणाचा? तुमच्या एकट्याचा की तिघांचा? हे विचारलंत का?

ओंकार: ... एकट्याचा.

मिलिंददादा: अण्णाकाकांनी बरोबर नस पकडली. प्रायव्हेटमध्ये माणशी हप्ता. क्रांकनकासेत बायको-मुलं तुमच्याच वर्गणीत, बायकोला स्वतःची कमाई नसेल तोवर. नोव्हेंबरपासून रश्मी नोकरी शोधेपर्यंत ती आणि चिनू दोघंही फुकट. शिवाय प्रायव्हेटमधून परत यायचा रस्ता अरुंद, पंचावन्न ओलांडल्यावर जवळजवळ बंदच. पगार मर्यादेच्या वर असेल आणि जर्मनीतली पहिलीच नोकरी असेल तर सरकारी योजनेत स्वखुशीने शिरायला तीन महिने मिळतात. तुम्ही एक तारखेलाच नाव घाला.

आणि डच दीडशेवर जाऊ नका. तिथेही तुमच्या पगारावर कंपनी वेगळी वर्गणी भरते, ती तुमच्या खिशातून जात नाही म्हणून टोचत नाही. वर दरवर्षी उपचारांचे पहिले 385 युरो स्वतः भरायचे ते निराळेच.

गौरीवहिनी: तुमच्या टक्क्यांचं झालं असेल तर मी बोलू का? रश्मी, चिनू साडेचारचा ना? गोवरच्या लसीचे डोस किती झालेत?

रश्मी: एक. 14 महिन्यांचा असताना. दुसरा नऊ वर्षांचा झाला की, असं सांगितलं होतं.

गौरीवहिनी: तेच. डच वेळापत्रकात दुसरा डोस नवव्या वर्षी असायचा, आता 2025 पासून तिसऱ्या वर्षावर आणलाय, पण चिनूच्या वयाची मुलं मध्येच अडकलीत. जर्मनीत मार्च 2020 पासून कायदा आहे: दोन वर्षांपुढच्या मुलाला दोन डोसांचा पुरावा असल्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत. ऑक्टोबरमध्ये आइंडहोवनला आहातच, दुसरा डोस घेऊनच निघा. पिवळं लसीकरण पुस्तक हातातल्या बॅगेत ठेव, ट्रकमध्ये नको. आमचं महिनाभर खोक्यात होतं आणि मी रोज खोकी उघडत होते.

तुझ्या थायरॉइडच्या गोळीची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावाने लिहून घे, ब्रँड तिकडे वेगळा असू शकतो. चिनूच्या जन्मदाखल्याचा आंतरराष्ट्रीय उतारा पालिकेतून काढ, भाषांतराचा खर्च वाचेल.

आत्या: आणि तिकडच्या पालिकेत नाव घालायचं ते?

गौरीवहिनी: राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, आत्या. आनमेल्डुंग म्हणतात. त्याला भाडेकरार पुरत नाही. घरमालकाने सही केलेला कागद लागतो, की ही माणसं अमुक तारखेला राहायला आली. त्याचं नाव इतकं लांब की मी अजून एका दमात म्हणू शकत नाही: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. बँक, टॅक्स नंबर, सगळं त्या नोंदीच्या मागे. फॉर्मवर धर्म विचारतात, दचकू नका. तिथे चर्चची नोंद असेल तर चर्चचा कर कापतात, म्हणून.

आत्या: म्हणजे देवळाचा नाही ना कापणार?

गौरीवहिनी: नाही आत्या 😂 टीव्ही-रेडिओचे महिना 18.36 युरो मात्र नाव घालताच मागे लागतात, घरात टीव्ही असो नसो.

आणि रश्मी, पत्रपेटीवर दोन्ही आडनावं लाव. तुझं वेगळं आहे. तिकडे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन फक्त नाव वाचतो. आमचं टॅक्स नंबरचं पत्र एकदा परत गेलं होतं, कारण पेटीवर फक्त ह्यांचं आडनाव होतं.

रश्मी: लिहून घेतलं. ओंकार, तू एकटाच पेटीवर सेलोटेप लाव आता. एचआरला मेल टाकला, ऑक्टोबर आइंडहोवनहूनच. उद्याची सुट्टी रद्द.

ओंकार: घरमालकाचा तो लांब नावाचा कागद आत्ताच मेलवर आला. बघा बरं. तिघांची नावं, राहायला आल्याची तारीख 15 सप्टेंबर.

मिलिंददादा: ती कराराची तारीख. त्याला सांगा, एक कागद तुमच्या एकट्याचा 30 सप्टेंबरचा, आणि दुसरा रश्मी-चिनूचा, 1 नोव्हेंबरला द्यायचा. 15 तारीख राहिली तर तुमचे दोन आठवडे जॉइन होण्याआधीच संपतात.

ओंकार: परत पाठवला.

आत्या: तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही म्हणालात ना? फ्रिज कोण चढवणार?