गळ्यात मारलेली आजारी पिलं: सोलापूर जिल्ह्यातले अनुभव

हा धागा मुद्दाम काढतेय. ओळखीतल्या बऱ्याच घरांनी यंदा परसात कोंबड्या पाळायचं मनावर घेतलंय, आणि पिलं कुठून आणायची हा सगळ्यांचाच पहिला प्रश्न. कुणी शेडवरून आणतं, कुणी मंगळवारच्या बाजारातून, कुणी दारात आलेल्या मोटारसायकलवरच्या डालग्यातून. मग आठवडाभरात फोन येतो, "पिलं पेंगायला लागलीत, काय देऊ?" ज्याने विकली तो फोन उचलत नाही. तुमच्यावर असं आलं असेल तर सविस्तर लिहा. पिलं कशी दिसत होती, कोणता आजार निघाला, जी वाचली ती कशाने? विकणाऱ्याचं नाव-गाव मात्र लिहू नका.

जुळे सोलापूर (धागा काढणारी)

माझ्यापासूनच सुरुवात करते. शहराबाहेर एक जण घरगुती मशीनवर अंडी उबवून पिलं विकतो. त्याने शेड दाखवलं नाही, दारातच खोकं भरून हातात दिलं. घरी उजेडात पाहिलं तर बऱ्याच पिलांच्या शेपटीखाली पांढरी खळ वाळून चिकटलेली. चिवचिवाट नाही, सगळी बल्बखाली पंख पाडून, डोळे मिटून. शेपटीखालची वाट बुजली की पिलाला हगताच येत नाही, म्हणून कोमट पाण्यात कापूस भिजवून एकेकाचं पुसून मोकळं केलं, पुसलेलं पिलू कोरडं करूनच परत सोडलं. तरी रोज सकाळी काही आडवी पडलेली असायची.

ताजं मेलेलं पिलू दुहेरी पिशवीत घालून, बर्फाच्या डब्यात ठेवून जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात नेलं. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं: आत न जिरलेला बलक तसाच, यकृतावर पांढुरके ठिपके. पुलोरमचा दाट संशय. हा आजार कोंबडीकडून अंड्यातून पिलात येतो आणि मशीनमध्ये एका पिलाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणजे माझ्या घरी येण्याआधीच त्यांचं नशीब ठरलं होतं. पैदाशीच्या कोंबड्यांच्या रक्ताचा एक थेंब रंगीत अँटिजेनमध्ये (या तपासणीच्या द्रावणात) मिसळला की गुठळ्या होतात की नाही हे जागच्या जागी कळतं. एवढी सोपी तपासणी न करता लोक शेकडो अंडी मशीनला लावतात.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, शंभरात दहा-वीस जातातच." मला याचा फार राग आला आणि अजून आहे. पिलं मरतात हे मलाही कळतं. पण पेंगणारं पिलू निरोगी पिलांच्या खोक्यात सरकवून पैसे घेणं ही वेगळी गोष्ट आहे. माझी काही पिलं वाचली, आता चांगली तलंग झालीत. डॉक्टरांनी बजावलंय की अशी वाचलेली कोंबडी आयुष्यभर जंतू बाळगू शकते, तिची अंडी उबवायला ठेवायची नाहीत. मी एकही अंडं खुडूक कोंबडीखाली ठेवलेलं नाही आणि कुणाला उबवायला दिलेलंही नाही.

बार्शी

आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलवाला आला. गिरिराज (परसात पाळायची सुधारित जात) म्हणून पिलं दिली. मोठी झाल्यावर कळलं की ती अंड्यांच्या जातीतली नर पिलं होती. हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो, ती स्वस्तात बाहेर पडतात आणि गावोगाव नाव बदलून विकली जातात. जातीचं एक वेळ सोडा. सकाळपासून जाळीत एकावर एक, ना पाणी ना सावली. पायाची कातडी सुरकुतलेली, चोच उघडी.

आल्या आल्या खाद्य घातलं नाही. आधी गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून. सगळी पाणी प्यायली हे पाहून दोनेक तासांनी वर्तमानपत्रावर मक्याची बारीक कणी. पहिल्या आठवड्यात पिलांना 95 अंश फॅरनहाइट ऊब लागते, पुढे दर आठवड्याला 5 अंशांनी कमी करायची. थर्मामीटर नसला तरी पिलं सांगतात: बल्बखाली ढीग केला तर थंडी वाजतेय, चिक गार्डच्या (पिलांभोवतीच्या गोल कुंपणाच्या) कडेला जाऊन धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. आपल्याकडे दुपारी बल्ब बंद आणि पहाटे हवाच, हे एप्रिलमध्येही. निम्म्याहून जास्त वाचली.

सांगोला

थोडक्यात लिहितो. महिन्याची झालेली पिलं घेतली, "आता काही होत नाही" असं सांगून दिलेली. चौथ्या दिवशी विष्ठेत रक्त. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सीडिओसिस. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना हीच गाठते आणि ओल्या गादीत, म्हणजे खाली पसरलेल्या तुसात वाढते. नंतर विकणाऱ्याच्या शेडवर गेलो तर पाण्याच्या भांड्याभोवती तूस इतका ओला की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा. डॉक्टरांनी अॅम्प्रोलियम पाण्यातून दिलं, पिलं सावरली. ते चालू असताना ब जीवनसत्त्वाचं टॉनिक द्यायचं नाही, हे दुकानदार सांगत नाही. त्यातल्या ब-1 ने औषधाचा परिणाम उतरतो. फिनाइल शिंपडून हे जंतू मरत नाहीत. गादी काढून टाका, जमीन खरवडून कडक ऊन दाखवा. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

पंढरपूर तालुका, बचत गटातली एक

आमच्या गटातल्या बायकांनी मिळून पिलं घेतली, प्रत्येकीच्या वाट्याला थोडी थोडी. देणाऱ्याने "लसीकरण झालंय" असं तोंडी सांगितलं. कागद नाही, कुपीवरचं लेबल नाही. आम्ही मागितलं तर म्हणाला, विश्वास नाही का. पहिले काही दिवस नुसत्या शिंका आणि रात्री घरघर. दिवसा कोंबड्यांच्या आवाजात ती ऐकू येत नाही, दिवे मालवल्यावर खुराड्यापाशी उभं राहिलं की कळते. मग डोळ्यांतून फेस. डॉक्टर म्हणाले, जुनाट श्वसनाचा रोग, मायकोप्लाझ्मा. औषध सुरू झालं आणि थोडा उतार पडतोय तोच एका मैत्रिणीकडे हिरवट पातळ हगवण, आणि पिलांच्या माना पिळवटून पाठीवर. आमच्याकडे याला मानमोडी म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत राणीखेत. तिच्या सासूबाईंच्या जुन्या गावरान कोंबड्याही त्यात गेल्या. वर्षानुवर्षं जपलेला वाण होता तो, त्या माउलीने दोन दिवस अन्न घेतलं नाही.

तेव्हा गटात खरा प्रश्न उभा राहिला. ज्यांच्या घरी अजून मर लागली नव्हती त्यांना वाटत होतं, उद्याच्या बाजारात विकून टाकू, निदान मुद्दल तरी सुटेल. कुणाचं कर्ज होतं, कुणाच्या लेकीची फी होती, त्यांना वाईट म्हणण्यात अर्थ नाही. बैठक झाली. आमच्यातली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली, "त्यानं आपल्याला हेच केलं ना गं?" कुणीच विकलं नाही. मेलेली पिलं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. ओढ्यात एकही टाकू दिलं नाही, गावातल्या एकाने हसून "कशाला एवढा खटाटोप" म्हटलं तरीही. तोटा गटाने वाटून घेतला.

आता आमचा नियम आहे. लसीच्या कुपीचं लेबल आणि पिलांची जन्मतारीख लिहून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

अक्कलकोट

आमच्या पिलांच्या चोचीजवळ आणि डोळ्यांवर फोड आले, खपल्या धरल्या. कोंबड्यांच्या देवी. डासांमुळे पसरतात. घेताना एका पिलाला बारीक पुटकुळी दिसत होती, तर विकणारा म्हणे चोच मारली असेल. यावर थेट औषध नाही. खपल्या ओढून काढायच्या नाहीत. आम्ही पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने पुसत होतो, शेजारच्या अज्जी हळद आणि खोबरेल तेल लावायला सांगायच्या. डोळे बंद झालेल्या पिलांना ज्वारीच्या पिठाची पातळ पेज हाताने भरवली, ती जगली. खुराड्याला मच्छरदाणीची जाळी लावली.

सोलापूर शहर, दोन मुलांचा बाप

जत्रेतून मुलांनी हिरवी-गुलाबी रंगवलेली पिलं आणली. ऊब नाही, कसलीच लस नाही, वर रंगात भिजवलेली. एकच जगलं, ते आता गच्चीवरचा दादा आहे. लहान मुलांच्या घरात एवढं पाळाच: पिलाला हात लावल्यावर साबणाने हात धुणं, पिलाला तोंडाशी न नेणं, पिलाचं खोकं स्वयंपाकघरात न ठेवणं. हगवणीच्या पिलातले साल्मोनेला जंतू पोरांच्या पोटात जाऊ शकतात. आणि मुलांना मेलेल्या पिलाबद्दल खरं सांगा. आमची धाकटी रडली, पण पुढच्या जत्रेत रंगीत पिलांच्या पाटीसमोर थांबून आजूबाजूच्या मुलांना तिनेच सांगितलं की ही घेऊ नका.

मंगळवेढा, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

वरचे सगळे अनुभव वाचले. नोकरीत हेच आयुष्यभर पाहिलं, म्हणून जरा लांब लिहितो.

पिलू घेताना पाठीवर उताणं ठेवा, चटकन उलटून उभं राहिलं पाहिजे. बेंबी कोरडी आणि मिटलेली हवी. ओली, काळपट, वास मारणारी बेंबी असेल तर ते पिलू पहिल्या आठवड्यातच जातं आणि त्यावर फारसा इलाज चालत नाही. शेपटीखाली पाहा, डोळे पाहा. शेड दाखवत नसेल तर परत फिरा. एवढ्या लांब आलो म्हणून घेऊ नका.

आणलेली पिलं कितीही छान दिसोत, जुन्या कोंबड्यांपासून निदान तीन-चार आठवडे लांब ठेवा. भांडी वेगळी, चपला वेगळ्या. आधी निरोगींचं दाणापाणी, आजारींचं शेवटी. पंढरपूरच्या ताईंच्या मैत्रिणीकडे जुन्या कोंबड्या गेल्या, त्यात तिचा काही दोष नाही. लस टोचून घेतली असं सांगून फसवलं गेलं. पण हे अंतर असतं तर तिथेही काही कोंबड्या हाती लागल्या असत्या.

लसीचं गणित साधं आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्या लसीचा, एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गम्बोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतचीच लस टोचून. लस बर्फातच न्यायची. पाण्यातून देणार असाल तर नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने लस मरते. बोअरचं किंवा विहिरीचं घ्या. आजारी पिलांना लस देऊ नये, ती औषध नाही.

खाद्याच्या दुकानातून हाताला लागेल ती पुडी आणून पाण्यात कालवणं थांबवा. राणीखेत, गम्बोरो, देवी हे विषाणूंचे रोग, त्यांना अँटिबायोटिक मारत नाही. कॉलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर केंद्र सरकारने 2019 मध्येच जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी बंदी घातली आहे, कारण माणसाच्या आजारात ते शेवटच्या फळीचं औषध आहे. आधी निदान, मग औषध. स्थानिक दवाखान्यात निदान झालं नाही तर नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. तसा आग्रह धरा.

एकाच रात्रीत बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे आणि पाय निळे पडले, तर पोट फाडून पाहू नका, हाताळू नका, दवाखान्याला किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या क्रमांकावर कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा 2006 मध्ये आपल्याच राज्यात नवापूरला सापडला, 2021 मध्ये परभणी जिल्ह्यात. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार राणीखेतसारख्या, त्याच्या यादीतल्या रोगांची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. विकणाऱ्यावरही. कळवायला लाजू नका आणि कोणत्या विकणाऱ्याकडून आजारी पिलं येताहेत हेही सांगा, म्हणजे त्याच्या शेडची पाहणी होईल आणि पुढची घरं वाचतील.

करमाळा

सर, माझं शेड आता रिकामं झालंय, सगळी गेली. पुन्हा पिलं कधी भरू? आणि कमी पिलांसाठी लस मिळतच नाही, कुपी शंभर मात्रांची. उरलेली फेकून द्यायची का?

मंगळवेढा, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

गादी काढून लांब खड्ड्यात पुरा किंवा जाळा. भिंती-जमीन घासून धुवा, वाळू द्या, मग चुन्याची सफेदी. भांडी उन्हात. त्यानंतर शेड दोन-तीन आठवडे पूर्ण रिकामं ठेवा, मध्ये कोंबडी शिरता कामा नये. कुपी एकदा फोडली की दोनेक तासांत संपवायची, दुसऱ्या दिवसासाठी फ्रीजमध्ये ठेवून उपयोग नाही. म्हणून चार-पाच घरांनी एकाच दिवशी लसीकरण करा.

जुळे सोलापूर (धागा काढणारी)

सरांचे मनापासून आभार. जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि होटगी रोडकडच्या ज्यांना लासोटाची कुपी वाटून घ्यायची आहे त्यांनी खाली पिलांची संख्या आणि जन्मतारीख लिहा. येत्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत करू. बर्फाचा डबा माझ्याकडे आहे. दुसऱ्याच्या खुराड्यात कुणी जायचं नाही, प्रत्येकाने आपल्या पिलांना आपल्याच घरी थेंब द्यायचा.