ट्रॅव्हलरच्या कॅम्परमध्ये गरम पाणी: टाकीचा गीझर की इन्स्टंट गॅस गीझर?

माळवावाट (इंदूर)

नमस्कार मंडळी. फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० मिमी व्हीलबेस, कॅम्पर (आत राहता येईल अशी गाडी) म्हणून बांधायला घेतली आहे. माणसं चार, त्यात दोन लहान मुलं. चांगल्या पाण्याची टाकी ९० लिटर, सांडपाण्याची ६०. पंप १२ व्होल्टचा डायफ्रामवाला, २.८ बार दाबाला बंद होतो. लिथियम बॅटरी १२ व्होल्ट २०० एएच (अँपिअर-तास), इन्व्हर्टर २ किलोवॉट. हिवाळ्यात मांडू, महेश्वर, पचमढी आणि मे-जूनमध्ये हिमाचल-लडाख असा बेत आहे.

बॉडी बांधणाऱ्याचं म्हणणं, बाथरूममध्येच मिनिटाला ६ लिटर तापवणारा घरगुती इन्स्टंट गॅस गीझर लावा. पाणी संपत नाही, जागा कमी लागते, गॅसही वाचतो. दुसरा पर्याय १० लिटरच्या टाकीचा. कोणता घ्यावा, आणि बसवताना काय सांभाळावं?

उष्णांक

आधी सगळ्यात महत्त्वाचं. घरगुती गॅस गीझर गाडीच्या आत लावू नका. बाथरूममध्ये तर नाहीच, खिडकी ठेवूनही नाही.

६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर साधारण ११ किलोवॉट खातो, म्हणजे तासाला ८५०-९०० ग्रॅम गॅस. एक किलो एलपीजी जाळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. तुमच्या बाथरूममध्ये जेमतेम सव्वा घनमीटर हवा असेल. दार लावलं की ती सात-आठ मिनिटं पुरेल एवढीच, आणि ती संपायच्या कितीतरी आधी ज्योत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. त्याला वास नाही, रंग नाही. घरच्या बाथरूममध्ये या गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि ती बाथरूमं गाडीतल्यापेक्षा मोठी असतात. गाडीत गॅसवर पाणी तापवायचंच असेल तर हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, बंद ज्वलनकक्षाचा कॅरव्हॅनसाठीच बनवलेला हीटर लागतो. मग तो टाकीचा असो वा इन्स्टंट.

आता ‘पाणी संपत नाही’ या मुद्द्याकडे. उष्णता संपत नसेल, पण तुमचं पाणी ९० लिटरच आहे आणि सांडपाणी ६० लिटरला भरतं. ४ लिटर मिनिटाचा शॉवर चौघांनी पाच-पाच मिनिटं घेतला की ८० लिटर गेले, सांडपाण्याची टाकी त्याआधीच उतू जाणार. गाडीत हिशोब पाण्याचा करावा, उष्णतेचा नंतर.

गॅस वाचतो हेही तपासून पाहा. १० लिटर पाणी १५ वरून ७० अंशांवर न्यायला टाकीच्या हीटरला साधारण ६० ग्रॅम गॅस लागतो. ते थंड पाण्यात मिसळून ४० अंशांचं २२ लिटर होतं; पण नळ सोडल्यावर टाकीत खाली थंड पाणी शिरत राहतं, म्हणून हाती १८-२० लिटर धरा. तेवढंच कोमट पाणी इन्स्टंटवर काढायला ५०-५५ ग्रॅम. फरक एका चहाइतकाही नाही. टाकी रात्रभर गरम ठेवली तरच तोटा होतो, म्हणून वापरायच्या अर्धा-पाऊण तास आधीच चालू करावी.

इन्स्टंटची खरी अडचण कमी धारेची. पाण्याचा वेग मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास खाली गेला की गॅसचा झडप बंद होतो. डायफ्राम पंप तर चालू-बंद होत हेलकावे देतो. ज्योत पेटते, विझते, अंगावर एकदा गरम आणि एकदा गार पाणी येतं. यावर उपाय म्हणजे पंपानंतर एक लिटरचा, दाबाचे धक्के झेलणारा अॅक्युम्युलेटर, त्यात हवेचा दाब पंप पुन्हा चालू होतो त्यापेक्षा किंचित कमी (पंप १.८ बारला चालू होत असेल तर १.६). हवा भरताना पाण्याचा नळ उघडा हवा, नाहीतर मोजमाप चुकतं.

उन्हाळ्यात उलटं होतं. मे महिन्यात चेसिसखालच्या टाकीतलं पाणीच ३५ अंशांचं असतं. सर्वात बारीक ज्योतीलाही ४ किलोवॉट मिळाले आणि धार ३ लिटरची असली तर पाणी ५४ अंशांचं येईल. लहान मुलं आहेत, पोळेल. घेताना कमाल लिटर पाहू नका, किमान ज्योत किती खाली जाते ते विचारा.

घाटवळण (वडोदरा)

उष्णांक यांच्या पहिल्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. पण इन्स्टंटला एकदम बाद करू नये. त्यांनी शॉवर धरून हिशोब केला आहे. आपल्याकडे बादली-तांब्या आहे.

बादलीत ३ लिटरची सलग धार सोडली की पेटणं-विझणं होत नाही, पंपाचे हेलकावे जाणवत नाहीत, सुरुवातीचं गार पाणीही वाया न जाता बादलीतच पडतं. १२ लिटरची बादली चार मिनिटांत भरते. चौघांच्या अंघोळी ४८ लिटरमध्ये होतात आणि सांडपाण्याची ६० ची टाकी पुरते. १० लिटरच्या टाकीतून दोन जणांनंतर पाऊण तास थांबावं लागेल, त्याचं काय? सकाळी सातला चौघांना आवरून निघायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

अट एकच. गीझर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात हवा. कप्प्याची आतली भिंत पूर्ण पत्र्याची, पाइप-वायर जातात ती भोकं आग न धरणाऱ्या सीलंटने बंद. वापरताना बाहेरचं दार पूर्ण उघडं, कप्प्याच्या वरची खिडकी बंद, गाडी उभी. वारा समोरून असेल तर ज्योत विझते, गाडी फिरवून लावावी. सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो खालूनच निघून जातो. गॅस गळतीचा सेन्सर जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटरवर, कार्बन मोनॉक्साइडचा झोपल्यावर नाक असतं त्या उंचीवर. दोन वेगळे घ्या.

माळवावाट

बाथरूमचा गॅस गीझर रद्द. दोघांचे आभार. आता सांगा, रोज दोन-तीन तास गाडी चालतेच. इंजिनच्या उष्णतेवर पाणी तापवता येईल का? आणि घरगुती १० लिटरचा इलेक्ट्रिक गीझर इन्व्हर्टरवर चालेल का?

पीथमपूरचा पाना

तुमच्या वापराला हेच सगळ्यात बरं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट एरवी रेडिएटरमधून उष्णता फुकट सोडत असतं. बोटींसाठी बनणाऱ्या टाक्या मिळतात: आत कूलंटची कॉइल, शिवाय ७५०-८०० वॉटचा इलेक्ट्रिक हीटर. १५ लिटरची घ्या. अर्धा-पाऊण तास चालवलं की पाणी ७०-८० अंशांवर जातं. जाड इन्सुलेशन असेल तर संध्याकाळी तापलेलं सकाळी अंघोळीला पुरेसं गरम राहतं. किती राहतं हे टाकीच्या पाटीवरच्या उष्णताक्षयावर ठरतं, ते विकत घेताना पाहावं.

जोडणी केबिन हीटरच्या लाइनवर करा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकण उघडा, कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्या. होजचा आतला व्यास कॅलिपरने मोजा आणि त्याच मापाचे पितळी टी (तीन तोंडांचे जोड) घ्या; प्लास्टिकचे टी उष्णतेने कडक होऊन एक दिवस रस्त्यात फुटतात. होज ईपीडीएम रबराचा, कूलंटसाठीचा. साधा बागेचा किंवा गॅसचा पाइप लावू नका. जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही फांद्यांवर बॉल व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे टाकीत बिघाड झाला तर ती वेगळी करून गाडी चालवता येते. टाकी रेडिएटरच्या झाकणापेक्षा खाली बसवा. वर बसवली तर हवा तिथेच अडकते, पाणी तापत नाही आणि इंजिनला मात्र कूलंट कमी पडतं. भरताना त्याच प्रकारचं कूलंट वापरा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा, आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघा.

कॉइलला भोक पडलं तर कूलंट अंघोळीच्या पाण्यात येतं आणि ते विषारी असतं. कूलंटची पातळी कारण नसताना उतरायला लागली किंवा गरम नळाला रंग-वास आला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद. गरम नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरूच नये.

टाकीच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (थंड पाणी मिसळून तापमान ठरावीक ठेवणारा) लावा, ४२-४५ अंशांवर. इथे हा ऐच्छिक नाही, कारण घाट चढून आल्यावर आतलं पाणी ८५ अंशांनाही पोचतं. थंड पाण्याच्या लाइनवर पाणी उलट जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि टाकीला दाब सोडणारा ४ बारचा व्हॉल्व्ह, त्याची नळी गाडीखाली. घरगुती गीझरसोबत येणारा व्हॉल्व्ह साधारण ८ बारचा असतो. तो गीझरची टाकी वाचवेल, पण तुमचे पुश-फिट (नुसते दाबून बसवलेले) जोड त्याआधीच निसटू शकतात. १५ लिटर पाणी तापताना ३०० मिली च्या आसपास फुगतं, त्यालाही जागा हवी. मिक्सिंग व्हॉल्व्हच्या आधी गरम बाजूला छोटी एक्स्पान्शन टाकी पुरते. पितळी फिटिंग आणि बॉल व्हॉल्व्ह इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतील, पण मिक्सिंग व्हॉल्व्ह तापमानाची पाटी असलेलाच घ्या.

घरगुती इलेक्ट्रिक गीझर: २ किलोवॉटचा एलिमेंट १२ व्होल्टच्या बॅटरीतून १७५ अँपिअर ओढेल. इन्व्हर्टर कडेलोटावर आणि केबल तापणार. ८०० वॉटला तोच आकडा ७० वर येतो. १० लिटर २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट, म्हणजे तुमच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा. ३५ मिनिटं लागतील. रोज दोनदा केलं तर फ्रिजला काय उरेल ते बघा. आणि काचेचा लेप असलेली टाकी गाडीच्या थरथरीने तडकते, शिवाय भिंतीला दोन बोल्टवर टांगायला बनवलेली असते. घ्यायचीच तर स्टीलची, खाली ट्रे आणि वर पट्टा.

उष्णांक

कूलंटचा पर्याय माझ्याही मते पहिला. घाटवळण यांचा बादलीचा मुद्दा मान्य, पण लडाखसाठी एक गोष्ट. आपल्या एलपीजीत ब्युटेन बराच असतो आणि तो शून्य अंशाच्या जरा खाली वाफ होणं थांबवतो. पहाटेच्या थंडीत ५ किलोचा सिलिंडर तासाला ८५० ग्रॅम गॅस देऊच शकत नाही. बाहेरून दव धरतं, ज्योत बसते. दीड किलोवॉटचा टाकीचा बर्नर तासाला सव्वाशे ग्रॅमच मागतो, तो चालतो. शिवाय ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून किंचित कमी असतो, मोठी ज्योत तिथे पिवळी पडते. पिवळी ज्योत दिसली की बंद करा. सिलिंडरवर उकळतं पाणी ओतून गॅस वाढवणं हा प्रकार कधीही नको.

गोठणाऱ्या रात्री इन्स्टंटमधली बारीक तांब्याची नळी सगळ्यात आधी फुटते. रात्री पंप बंद, सगळे नळ उघडे, तळाचा प्लग काढून पाणी सोडून द्या. टाकीही रिकामी करा.

रेवातीर

क्षारांचा विषय कुणी काढला नाही. इंदुरात नर्मदेचं पाणी भरलं तर ठीक, पण वाटेत ढाब्यावर बोअरचं भरावं लागतं आणि माळव्याच्या काळ्या दगडातलं पाणी जड असतं. ६० अंशांच्या वर क्षार झपाट्याने बसतात. इन्स्टंटच्या नळीत त्याने धार आधी बारीक होते, मग ज्योत पेटेनाशी होते, आणि लोक उगाच ठिणगी देणारे सेल बदलत बसतात. लिटरमागे ५० ग्रॅम लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून छोट्या पंपाने अर्धा तास फिरवा, नंतर दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. टाकीच्या हीटरमध्ये मॅग्नेशियमची (टाकीऐवजी स्वतः गंजणारी) कांडी असेल तर वर्षातून एकदा काढून बघा, तीन-चतुर्थांश झिजली की बदला. ॲल्युमिनियमच्या टाकीला कांडी नसते, तिला लावूही नका, आणि लिंबूसतही तिच्यात जास्त वेळ ठेवू नका.

माळवावाट

कूलंट कॉइलची १५ लिटर टाकी आणि ८०० वॉटचा हीटर, हे ठरलं. शेवटचं: मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरची वीज लावायची तर?

पीथमपूरचा पाना

८०० वॉट म्हणजे साडेतीन अँपिअर, साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटलाही झेपतं. वीज गाडीत शिरताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), मग १० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा), आणि टाकीचा धातू व गाडीची चेसिस एकाच अर्थिंगला. ढाब्याच्या सॉकेटला अर्थिंग असेलच असं धरू नका. तीन दिव्यांचा टेस्टर आधी लावा, अर्थिंग नसेल तर हीटर लावू नका. आणि टाकी भरलेली आहे, नळातून सलग धार येते आहे, हे पाहिल्याशिवाय स्विच दाबू नका. कोरडा एलिमेंट मिनिटभरात जळतो.

गाडीत फेरफार करायच्या आधी आरटीओची परवानगी पाहा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि कॅरव्हॅनसाठीचं एआयएस-१२४ हे वाहन-मानक, हे दोन्ही बॉडी बांधणाऱ्याला विचारा. त्याला माहीत नसेल तर गॅसची लाइन त्याच्याकडून टाकून घेऊ नका.