ऑनलाइन बिझनेस स्टॅटिस्टिक्स: चौथ्या आठवड्यातच अडकले. सोडू की पुढे जाऊ?

वाळवंटीकाठची

नमस्कार. मी साखळीची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. या सेमिस्टरला बिझनेस स्टॅटिस्टिक्स हा विषय मी बारा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्समधून करते आहे, क्रेडिट कॉलेजात जमा होणार आहेत. निवड माझीच. दुसरा विषय दुपारच्या तासांना होता आणि दुपारी बारा ते तीन मला आईच्या खानावळीत असावंच लागतं. म्हटलं, व्हिडिओ रात्री भांडी झाल्यावर बघता येतील.

पहिला आठवडा बरा गेला. मीन, मीडियन, मोड शाळेत झालं होतं. दुसऱ्यापासून पकड सुटत गेली. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजीत शिकले. इंग्रजी वाचता येतं, पण व्हिडिओतले सर एका दमात तीन व्याख्या सांगतात आणि मी पहिल्याच व्याख्येपाशी थांबलेली असते. मागे जाऊन पुन्हा बघते, तरी तेच. वर्गात असते तर हात वर केला असता, नाहीतर बाजूच्या मुलीला विचारलं असतं. इथे रात्री साडेदहाला कोणाला विचारू?

आकड्यांची मला भीती नाही, हे मुद्दाम सांगते. खानावळीची वही आठवीपासून मीच लिहिते. रोज किती फिश थाळ्या गेल्या, किती शाकाहारी, बांगडा काय भावाने आणला, सगळं त्यात आहे. आणि तरीही असाइनमेंटचे गुण ७०, ५५, ३० असे उतरत आलेत. चौथी तर गेलीच. मुदतीच्या रात्री पावसात माडाची झावळ तारेवर पडली आणि वीज गेली. मोबाइलच्या एका काडीवर पान उघडेपर्यंत बारा वाजून गेले होते.

आता नेमकं अडलंय ते. स्टँडर्ड डेव्हिएशनची (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) माझी उत्तरं जुळत नाहीत. सराव म्हणून वहीतला मे महिन्यातला एक आठवडा घेतला. सोमवारपासून रविवारपर्यंत फिश थाळ्या अशा: १८, ४४, ५२, २०, ४८, ५०, ६२. हाताने काढलं तर १५.४२ येतं. एक्सेलमध्ये एका सूत्राने १५.४२ आणि दुसऱ्याने १६.६५. एकाच आठवड्याची दोन उत्तरं कशी? आणि असाइनमेंटमध्ये कुठलं लिहायचं?

दुसरं, कोर्स सोडावा का? घरी कोणाला विचारण्यासारखं नाही. आई म्हणते, तुला जमत असेल तर कर. जमतंय की नाही हेच मला कळत नाहीये.

कोकमसरबत

बाय, आधी सोडण्याचं बोलते, कारण गेल्या वर्षी मी असाच बारा आठवड्यांचा कोर्स पुरा केला. तुझा एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांचा उपक्रम) असेल तर त्यात बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटच धरतात. म्हणजे बुडालेली चौथी आणि ती ३० वाली बाजूला पडू शकतात, अजून दोन चुकल्या तरी चालेल. असाइनमेंटना २५ गुण, शेवटच्या परीक्षेला ७५. उत्तीर्ण व्हायला २५ पैकी निदान १० आणि ७५ पैकी निदान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. तुझं अजून काहीही हातचं गेलेलं नाही. मात्र परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिचं शुल्क भरावं लागतं आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. मी ती तारीख विसरत होते, मैत्रिणीने आठवण करून दिली म्हणून वाचले. आजच बघून ठेव. क्रेडिट नक्की कसे जमा होणार तेही कॉलेजच्या ऑफिसात लिहून घे, तोंडी सांगण्यावर राहू नकोस.

अभ्यासाचं म्हणशील तर मी व्हिडिओ आधी बघायचे सोडून दिले होते. आधी त्या आठवड्याचा लेखी मजकूर वाचायचा, एक गणित हाताने करायचं, मग व्हिडिओ लावायचा. तेव्हा सर काय म्हणतायत ते कानात शिरतं. आणि असाइनमेंट मुदतीच्या दोन दिवस आधी भरायची. गोव्यातल्या पावसाळ्यात शेवटच्या रात्रीवर विसंबून चालत नाही.

फोंड्याचे मास्तर

मी तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. बाय, तुझी दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. वही समोर घे आणि माझ्याबरोबर कर.

सात आकड्यांची बेरीज २९४, सरासरी ४२. आता प्रत्येक दिवस सरासरीपासून किती दूर: उणे २४, २, १०, उणे २२, ६, ८, २०. यांची बेरीज करून बघ, शून्य येते. नेहमीच येते, सरासरी म्हणजेच तो बिंदू. म्हणून आपण वर्ग करतो: ५७६, ४, १००, ४८४, ३६, ६४, ४००. बेरीज १६६४. सातने भागून वर्गमूळ काढलंस तर १५.४२, सहाने भागून काढलंस तर १६.६५.

सात कधी आणि सहा कधी? तुला फक्त त्याच आठवड्याबद्दल बोलायचं असेल, त्यापलीकडे काही नाही, तर सात. पण तो आठवडा नमुना म्हणून घेऊन सगळ्या मे महिन्याबद्दल अंदाज करायचा असेल तर सहा. कारण हे बघ. ४२ ही सरासरी तू त्याच सात आकड्यांतून काढलीस, त्यामुळे ती त्या सातांच्या अगदी मधोमध जाऊन बसते. पूर्ण महिन्याची खरी सरासरी थोडी इकडे किंवा तिकडे असणार, आणि तिच्यापासून अंतरं मोजली असती तर वर्गांची बेरीज १६६४ पेक्षा मोठीच आली असती. म्हणजे आपल्या मोजणीत पसारा जरा कमी दिसतो. तो भरून काढायला लहान संख्येने भागायचं. ती संख्या सहाच का, तर सात अंतरांपैकी सहा कळली की सातवं आपोआप ठरतं, कारण बेरीज शून्य व्हायची असते. स्वतंत्र माहिती सहाचीच. डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात ते हेच. पुढे टी-टेस्टमध्ये (थोड्या आकड्यांवरून सरासरी ताडून बघायची चाचणी) हा शब्द पुन्हा येईल, तेव्हा तुझा सोमवार ते रविवार आठव.

एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही.पी म्हणजे पूर्ण समूहाचं, एसटीडीईव्ही.एस म्हणजे नमुन्याचं. प्रश्नात सॅम्पल हा शब्द असला तर एस. (सलग सात दिवस हा खरा यादृच्छिक नमुना नव्हे. खरं तर महिन्यातल्या तारखा चिठ्ठ्या टाकून निवडायला हव्यात. पण सूत्र समजून घ्यायला चालेल.)

आता तुझ्या आकड्यांकडे जरा नीट बघ. १८ आणि २० कुठल्या वारांचे आहेत?

वाळवंटीकाठची

सर, सोमवार आणि गुरुवार! त्या दिवशी आमच्याकडे बरेच जण मासे खात नाहीत. हे मला माहीत होतं, वहीत दर आठवड्याला दिसतं, पण गणित करताना एकदाही डोक्यात आलं नाही.

ते दोन वार काढून उरलेल्या पाच दिवसांचं आत्ताच केलं. सरासरी ५१.२ आणि, चारने भागून, विचलन ६.७२. १६.६५ वरून एकदम ६.७२! दोनदा तपासलं. म्हणजे ४२ थाळ्यांचा दिवस आमच्याकडे येतच नाही. एकतर विसाच्या आसपास, नाहीतर पन्नासच्या आसपास.

वेर्णेकर

मास्तरांनी सगळं सांगितलंच आहे, मी कारखान्यातून सांगतो. मी वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीला आहे. बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घोकून पास झालो आणि नोकरीत पहिल्याच महिन्यात ते पुन्हा शिकावं लागलं. आमच्याकडे गोळ्यांचं वजन तपासायला वीस गोळ्या घेतात, प्रत्येकीचं वजन वेगळं करून सरासरी काढतात. २५० मिलिग्रॅम किंवा जास्त वजनाची गोळी असेल तर दोनपेक्षा जास्त गोळ्या सरासरीपासून पाच टक्क्यांहून दूर चालत नाहीत, हा भारतीय औषधकोशाचा नियम आहे. सरासरी अगदी बरोबर असेल आणि गोळ्या मात्र एक जड, एक हलकी अशा असतील तर रुग्णाला रोज वेगळी मात्रा जाईल. त्या दिवसापासून डेव्हिएशन हा शब्द मला कोरडा वाटला नाही.

मास्तरांनी टी-टेस्टचं नाव काढलं म्हणून सांगतो. ती ज्याने शोधली तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात कामाला होता. हाताशी नमुने थोडेच असायचे आणि त्यावरून निर्णय घ्यावे लागायचे. १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने तो लेख छापला. थोडक्या आकड्यांवर धंद्याचा निर्णय घ्यायचा, तुझ्या खानावळीचा प्रश्न तोच आहे.

फोंड्याचे मास्तर

गोळ्यांवरून कोसंबी आठवले. दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ साली आपल्या गोव्यात कोसबेनला जन्मलेले. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण ते मुळात गणिती. प्राचीन आहत (ठसे मारून बनवलेली) नाणी त्यांनी हजारोंनी तोलली आणि त्यांच्या वजनांवर संख्याशास्त्र चालवलं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. सगळी सारखी झिजत नाहीत, त्यामुळे जुन्या नाण्यांच्या वजनाची सरासरी उतरते आणि विचलन वाढतं. त्यावरून कुठलं नाणं किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. हे खरंच असं होतं का ते बघायला त्यांनी आपल्या काळातली, बाजारात चालू असलेली नाणीही तोलली. सरासरी आणि विचलन, तुझ्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचा अभ्यासक्रम, आणि त्यातून इतिहास बोलता केला. मी दरवर्षी नववीच्या वर्गात हे सांगत असे आणि दरवर्षी माझाच उत्साह वाढत असे.

वाळवंटीकाठची

चार आठवड्यांनी पुन्हा लिहिते. कोर्स सोडला नाही. परीक्षेची नोंदणी केली, ऑफिसातून लेखीही घेतलं (ताई, मनापासून आभार). पाचव्यापासून आठव्या असाइनमेंटपर्यंत ६५, ८०, ७५, ६०. व्हिडिओ आता शेवटी बघते.

पण पी-व्हॅल्यूवर पुन्हा ठेच लागली. प्रश्न होता, पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे काय. मी पर्याय निवडला, नल हायपोथिसिस खरं असण्याची शक्यता तीन टक्के. चूक. बरोबर उत्तर वाचूनही कळलं नाही.

फोंड्याचे मास्तर

ही चूक फार जणांकडून होते, पदव्या घेतलेल्यांकडूनही. नाणं घे. मी म्हणतो, नाणं सच्चं आहे, छाप-काटा सारखेच. हे झालं नल हायपोथिसिस. तू दहा वेळा उडवलंस, नऊ वेळा छाप आला. आता विचार: नाणं सच्चं आहे असं धरून चाललो, तर नऊ किंवा त्याहून जास्त छाप नुसत्या योगायोगाने कितीदा येतील? दहा उडवण्यांचे एकूण प्रकार १०२४. नऊ छापांचे दहा, दहा छापांचा एक, मिळून ११. अकरा भागिले १०२४, साधारण ०.०११. ही पी-व्हॅल्यू. (काट्याकडची बाजूही मोजायची तर दुप्पट, तिला टू-टेल्ड म्हणतात.)

यात नाणं सच्चं असण्याची शक्यता कुठे काढली? कुठेच नाही. ते सच्चं आहे हे तर आपण सुरुवातीलाच धरून चाललो. "धरून चाललो तर" हे तीन शब्द प्रत्येक वेळी मोठ्याने म्हण. ते सुटले की अर्थ उलटा होतो.

वाळवंटीकाठची

सर, आता कळलं. खानावळीतलं पाच रुपयांचं नाणं दहा वेळा उडवून पाहिलं, सहा छाप आले. सहा किंवा जास्तचे प्रकार मोजले तर ३८६ झाले, म्हणजे ०.३७७. त्यावरून नाण्यावर शंका घेता येणार नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. आई सोमवारी तीस थाळ्यांच्या हिशेबाने मासळी आणायची, कमी पडू नये म्हणून. मी मे महिन्यातले चार सोमवार काढले: १८, २२, १७, १९. सरासरी १९, विचलन २.१६. आईला विचलन हा शब्द सांगितला नाही, चार सोमवार वाचून दाखवले आणि म्हटलं, बावीसची आण. चारच सोमवार आहेत आणि तेही मे महिन्यातले, हे मला कळतं. म्हणून आता प्रत्येक सोमवार वेगळ्या पानावर लिहायला घेतलाय.

काल सोमवार होता. वीस थाळ्या गेल्या. दोनच बांगडे उरले, ते आईने मीठ-हळद लावून आजच्यासाठी ठेवले. रात्री वही बंद करताना तिने विचारलं, गुरुवारचं पान कधी काढतेस?