पॅन-एशियन हॉटेलात फो मागवावा का?

गवतीचहा (धागाकर्ता)

माझं मत: ज्या मेन्यूत सुशी, थाई करी, रामेन, डिमसम आणि व्हिएतनामी हे सगळं एकत्र आहे, तिथे फो (तांदळाच्या शेवयांचं व्हिएतनामी सूप) मागवू नये. व्हिएतनामीच खायचं तर गोई कुओन (राईस पेपरचे न तळलेले रोल) किंवा बुन मागवावं. बुन म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, वर भाजलेलं मांस, हिरवा पाला आणि आंबटगोड पाणी.

फोचा जीव रश्श्यात असतो. बीफच्या फोसाठी हाडं आधी थंड पाण्यात टाकून 5-10 मिनिटं खळखळून उकळायची, ते पाणी फेकायचं, हाडं चोळून धुवायची. हे टाळलं की रस्सा गढूळ होतो आणि वास मारतो. मग अडीच किलो हाडांना साडेपाच लिटर पाणी, आणि आच इतकी मंद की एखाददुसराच बुडबुडा वर यावा. असं किमान सहा तास. कांदा आणि आलं जाळावर काळं होईपर्यंत भाजून, खरवडून आत. 5 चक्रीफुलं, 5-6 लवंगा, बोटभर दालचिनी, एक मसाला वेलदोडा कोरडे भाजून पुरचुंडीत. शेवटी फिश सॉस आणि खडीसाखर.

रामेनचा (जपानी शेवयांचं सूप) टोनकोत्सु रस्सा याच्या नेमका उलट. डुकराची हाडं दहा-बारा तास रटरटवायची, म्हणजे चरबी पाण्यात मिसळून रस्सा दुधासारखा होतो. फोला जे बिघडवतं तेच रामेनला घडवतं. दोन्ही नीट करायचे तर दोन मोठी पातेली दिवसभर शेगडीवर अडकणार. म्हणून मग चिकनचा एकच स्टॉक ठेवला जातो. गवती चहा पडला की टॉम यम (थाई आंबट-तिखट सूप), चक्रीफूल पडलं की फो. ऑर्डर आल्यावर दहा मिनिटं उकळलेल्या चक्रीफुलाला औषधी उग्रपणा येतो, मुरलेली चव येत नाही.

शेगडी

रश्श्याचं वर्णन अचूक आहे, निष्कर्ष पटत नाही.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि 2015 पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, म्हशीचं मांस चालतं. त्यामुळे मुंबई-पुण्यात बहुधा चिकनचा फोच समोर येतो. ती तडजोड नव्हे, हनोईत फो गा, म्हणजे चिकनचा फो, हा स्वतःच्या मानाचा पदार्थ आहे. त्याला सहा तास लागतच नाहीत. दीड किलोची अख्खी कोंबडी 35-40 मिनिटं मंद शिजवायची, काढून थंड पाण्यात बुडवायची, मांस सोडवायचं आणि हाडं परत पातेल्यात आणखी दोन तास. मसालाही हलका: आलं, कांदा, थोडे धणे, फार तर एक चक्रीफूल. शिवाय हा रस्सा आदल्या दिवशी करून ठेवता येतो. थंड झाला की चरबी वर गोठते, हवी तेवढी काढता येते.

फो फसतो तो शेवटच्या दोन मिनिटांत. सुक्या शेवया साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून, ऑर्डरवेळी उकळत्या पाण्यात 15-20 सेकंद बुडवून निथळायच्या. पास्त्यासारख्या आधीच उकडून फ्रिजमध्ये ठेवलेल्या शेवयांचा गोळा होतो आणि तो वाडग्यातला रस्सा गार करतो. वाडगा गरम हवा, रस्सा उकळता ओतायला हवा. टेबलावर वाफ नसेल तर खुशाल परत पाठवा.

आता तुमचं गोई कुओन. अशा स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. राईस पेपर कोमट पाण्यातून 2-3 सेकंदच फिरवायचा. हाताला कडक लागतानाच काढायचा, पाटावर तो आपोआप मऊ होतो. पाण्यातच मऊ केला तर गुंडाळताना फाटतो. आणि केल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात खायला हवा. सकाळी वीस रोल करून फ्रिजमध्ये टाकले की कागद चिवट होतो, आतल्या शेवया कोरड्या भरभरीत. ताजा रोल बोटाला किंचित चिकटतो आणि आतली कोळंबी पारदर्शक पापुद्र्यातून गुलाबी दिसते. कडा पांढुरक्या आणि ताठ असतील तर तो सकाळचा आहे.

कोकमसार

दोघंही शाकाहारी माणसाला विसरलात.

व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेतलं शाकाहारी जेवण आहे, त्याला 'चाय' म्हणतात. चांद्रमासाच्या 1 आणि 15 तारखेला अनेकजण तेच खातात. फो चाय हा त्यातलाच. पांढरा मुळा, गाजर, मक्याची कणसं आणि वाळवलेली शिताके मशरूम, तास-दीड तास. हा रस्सा त्याहून जास्त उकळू नये, मुळा उग्र लागायला लागतो. म्हणजे चार-पाच देशांच्या स्वयंपाकघरालाही झेपणारा फो खरं तर हाच.

अडचण वेगळीच आहे. मेन्यूवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, विचारा. थाई करीच्या वाटणात बहुधा कोळंबीची खारवलेली पेस्ट असते, पपईच्या सॅलडमध्ये फिश सॉस, किमचीत खारवलेली मासळी, मिसो सूपच्या दाशीत (त्याचा मूळ रस्सा) बोनिटो माशाचा कीस, परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस. आणि दुसरा प्रश्न विचारा: फिश सॉसऐवजी काय घालता? 'सोया सॉस' असं उत्तर आलं आणि रस्सा चहासारखा तपकिरी दिसला, तर त्यात मुळ्याची गोडी शोधूनही सापडायची नाही. मीठ आणि अगदी थोडा लाइट सोया, एवढंच पुरतं.

गवतीचहा

चिकनच्या फोबद्दल शेगडींचं मान्य. राईस पेपरचंही मान्य, माझी शिफारस आता बुनपुरतीच. त्यातलं बुडवायचं पाणी ऐनवेळी करता येतं: एक भाग फिश सॉस, एक भाग लिंबू, एक भाग साखर, तीन-चार भाग कोमट पाणी, वर लसूण-मिरची. त्याला शेगडी अडत नाही.

पण पाल्याचं काय? फोसोबत थाई बेसिल यायला हवं, येतं इटालियन. त्याचा चक्रीफुलाशी काही मेळ नाही. आणि होइसिन सॉसची (दाट, गोडसर चिनी सॉस) बाटली फोशेजारी ठेवणं म्हणजे रस्सा कच्चा असल्याची कबुलीच.

शेगडी

होइसिनवर मात्र भांडेन. हनोईच्या वाडग्यात पातीचा कांदा आणि बाजूला लसणाचं व्हिनेगर, बस. पण 1954 च्या व्हिएतनामच्या फाळणीनंतर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले आणि सायगॉनमध्ये फोभोवती पाला, मुगाचे लांब मोड, लिंबू, होइसिन, मिरचीचा सॉस हे सगळं रूढ झालं. ती दक्षिणेची रीत आहे, चूक नाही. फक्त आधी रस्सा नुसता प्यायचा, आणि सॉस वाडग्यात न ओतता छोट्या बशीत घेऊन मांस त्यात बुडवायचं.

बेसिलबद्दल: सब्जाचं झाड आणि थाई बेसिल एकाच प्रजातीतले. बी फालुद्यात घालतो, तेच कुंडीत पेरलं तर पाला मिळतो. त्याचा वास वाणाप्रमाणे बदलतो, पण इटालियन बेसिल महागात आणण्यापेक्षा हॉटेलांनी आधी तो चुरडून हुंगून पाहावा. बडीशेपेकडे झुकणारा मिळाला तर फोला तोच हवा.