रिपेअरवाला म्हणतोय फॉरमॅट मारा. त्याआधी काय काय बघावं?

मागावरची

नमस्कार. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आमचं घर. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, पाठीमागच्या शेडमध्ये टॉवेलचे माग. सूत किती आलं, माल किती गेला, कामगारांचा आठवड्याचा पगार, जीएसटी, सगळं त्या एकाच मशीनवर, आणि बघणारी मी एकटी. मशीन म्हणजे सातव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्डडिस्क, विंडोज १०.

त्रास दोन आहेत. काम करता करता सगळं गोठतं. माऊस हलतो, पण क्लिक केलेलं उघडत नाही. अर्धाएक मिनिट असं, मग मधे केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात आणि दहा खिडक्या उघडतात. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, पण वेग शून्य. दुसरा त्रास म्हणजे दुपारच्याला कधीतरी खटकन बंद पडून आपोआप परत सुरू होतं. निळी स्क्रीन नाही, काही नाही.

अँटीव्हायरस फिरवला, टेम्प फाइल्स उडवल्या, सुरुवातीला उघडणारे फालतू प्रोग्रॅम बंद केले. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालतं तसं, लावून बघितलं, तिथंही गोठलं. दुकानातला मुलगा आला, पाच मिनिटं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "विंडोज करप्ट झालंय, तसंही दहाचा सपोर्ट संपलाय, फॉरमॅट मारून देतो."

फॉरमॅटला माझी ना नाही. पण टॅली (हिशेबाचा प्रोग्रॅम), प्रिंटर, श्रीलिपीचे मराठी फाँट, बिलांचे साचे परत बसवायचे, आणि ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायचंय. एवढं करून परत गोठलं तर? घरचे म्हणतात नवा घेऊन टाक. व्यापारी टॉवेलचे पैसे कधी देतात ते घरच्यांनाही माहिती आहे, तरी म्हणतात.

सात_रस्ता

मारून टाका ताई फॉरमॅट. सोबत हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क टाका, मशीन पळायला लागतंय बघा.

साखरपेठी

@सात_रस्ता मालक, रोग कळायच्या आधीच ऑपरेशन? सेफ मोडमध्येपण गोठतंय असं त्यांनी लिहिलंय, वाचलं नाही का बे?

ताई, पहिल्यांदा बॅकअप. बाकीचं सगळं त्यानंतर. टॅलीचा डेटा कुठं आहे ते कंपनी उघडायच्या स्क्रीनवर दिसतं. त्या जागी आकड्यांची नावं असलेले फोल्डर असतात, ते अख्खे पेनड्राइव्हवर घ्या. आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

आता मुद्दा. गोठणं आणि बंद पडणं या दोन वेगळ्या भानगडी आहेत, एकाच औषधानं दोन्ही बऱ्या होतील असं धरू नका.

गोठण्याचं तुम्हीच अर्धं सांगितलंय. माऊस हलतो म्हणजे प्रोसेसर जागा आहे. डिस्क १०० टक्के आणि वेग शून्य म्हणजे विंडोजनं डिस्ककडं काहीतरी मागितलंय आणि उत्तर येत नाही. ठरलेला वेळ वाट बघून विंडोज तिला रीसेट करतं आणि अडकलेलं सगळं एकदम सुटतं. याची नोंद राहते. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. गोठल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा आणि नेमक्या त्या वेळेला १२९ किंवा १५३ नंबरची नोंद आहे का बघा. ७ नंबर दिसला तर डिस्कवर खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा आहेत.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. वर निळा 'गुड' दिसला म्हणून बंद करू नका, खालच्या ओळी वाचा. ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरच्या ओळी, त्यांच्यापुढं शून्य सोडून काही असेल तर डिस्कच खराब निघाली, तिच्यावर परत विंडोज टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. सी७ मात्र वेगळी ओळ. डिस्क आणि मदरबोर्डमध्ये जाता-येता डेटा बिघडला की ती वाढते, आणि बहुतेक वेळा त्याला कारण साटाची केबल असते. सी७ चा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळं तो किती आहे यापेक्षा वाढतोय का हे महत्त्वाचं. आकडे हेक्समध्ये असतात, म्हणजे ० ते ९ नंतर ए ते एफ, त्यामुळं मधे अक्षरं दिसली तर घाबरू नका.

एक गोष्ट करू नका. कुणीतरी चेकडिस्क स्लॅश आर, म्हणजे अख्खी डिस्क वाचून तपासणारी कमांड, चालवा म्हणेल. डिस्क मरायला टेकली असेल तर ती कमांड तिला तासन्‌तास रगडते. बॅकअप हातात आल्याशिवाय नाही.

आता बंद पडणं. इव्हेंटमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसेल. त्यातून एवढंच कळतं की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं, का ते कळत नाही. पोरं ४१ बघून लगेच नवा एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) विकतात. तुम्ही काम सेव्ह करा, टॅली बंद करा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. मशीन लगेच गेलं तर बॅटरी मेली. आपल्या उन्हाळ्यात या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटऱ्या फार टिकत नाहीत, आणि गेल्यावर यूपीएस नुसता महागडा एक्स्टेंशन बोर्ड होतो. माग सुरू होताना मोटारी करंट ओढतात, दिवे क्षणभर मंद होतात, तेवढ्यात कॉम्प्युटर जातो. दुपारी म्हणालात ना? जेवणाच्या सुट्टीनंतर माग सुरू होतात ती वेळ जुळते का बघा.

शिवाय डबा उघडा. मागाच्या घरातला पंखा रुईनं भरलेला असणारच. पंख्यात काडी अडकवून, तो फिरू न देता ब्लोअर मारा. कारखान्यातला कॉम्प्रेसर नको, त्यातून पाणी उडतं. एसएमपीएस बाहेरूनच साफ करा, खोलायचा नाही.

विंडोजचा नंबर शेवटी. विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स शोधून दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड आहेत, आधी डीआयएसएमची, मग एसएफसीची. त्यानंही भागलं नाही तर विंडोजची आयएसओ फाइल (पूर्ण सेटअप असलेली एक फाइल) उघडून आतला सेटअप चालवायचा आणि 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडायचं. विंडोज नवं बसतं, टॅली-प्रिंटर जागेवर राहतात. दुकानात हे सांगत नाहीत कारण याला वेळ लागतो आणि पैसे फॉरमॅटएवढेच मिळतात.

विजापूर_रोड

एक सोपी चाचणी राहिली. उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन चालू करा, इन्स्टॉल न करता तासभर वापरा. गोठलं नाही तर दोष विंडोजचा.

साखरपेठी

@विजापूर_रोड चाचणी चांगली, निष्कर्ष घाईचा. पेनड्राइव्हवरून चालताना हार्डडिस्कला कोण हातच लावत नाही, मग गोठेल कसं? तिथून हार्डडिस्कवरची एखादी दोन-चार जीबीची फाइल कॉपी करून बघायची. त्यात अडकलं तर दोष विंडोजचा नाही.

मागावरची

सगळं केलं, क्रमानं सांगते. बॅकअप जावेच्या लॅपटॉपवर उघडून बघितला, बरोबर आहे.

गोठल्याच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, प्रत्येक वेळेला १२९ ची नोंद सापडली. क्रिस्टलडिस्कइन्फोत ०५, सी५, सी६ शून्य. सी७ ला १ए३, म्हणजे ४१९. मग पाठीमागं माग चालू असताना मोठी फाइल कॉपी केली. मधेच गोठलं, आणि नंतर आकडा १ए९ झालेला.

नवी पेठेतून केबल आणली, खटका असलेली. जुनीला खटकाच नव्हता, बोट लावलं तर हलत होती. बदलल्यापासून तीच फाइल परत परत कॉपी करून बघितली, आकडा १ए९ वरच आहे आणि गोठणं बंद. डीआयएसएम आणि एसएफसीपण चालवून घेतलं, काही बिघाड सापडला नाही.

यूपीएसचा प्लग काढला तर मशीन जागच्या जागी बंद. बॅटरी सांगितलीय, अजून आली नाही. दुपारची वेळ मागांशी जुळते, त्यामुळं तोवर माग सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं मी फाइल सेव्ह करून चहा घेते. रुई एवढी निघाली की आमचे हे म्हणाले, यात एक उशी भरंल.

आता विचारायचं असं, एसएसडी टाकली तर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करता येईल का? आणि दहाचा सपोर्ट संपला त्याचं काय?

सात_रस्ता

शंभर रुपयाच्या केबलसाठी मी फॉरमॅट मारा म्हणलो होतो होय. चालतंय की.

साखरपेठी

क्लोन होतं. वापरलेली जागा नव्या एसएसडीत मावली की झालं, १ टीबीचीच घ्यायला पाहिजे असं नाही. डिस्क बदलायच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा आणि नवीवर परत ॲक्टिव्हेट करा. ११ तारीख झाल्यावरच हात घाला. जुनी डिस्क लगेच पुसू नका, एक-दोन रिटर्न नवीवरून भरून होऊ देत.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण त्यामुळं कुणाचं मशीन गोठत नाही. प्रश्न सिक्युरिटी अपडेटचा आहे, आणि जीएसटी, बँक त्याच मशीनवर असेल तर तो लहान नाही. सातव्या पिढीच्या आय-थ्रीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. सेटिंग्जच्या अपडेट पानावर ईएसयूची (सपोर्ट संपल्यावरच्या जादा अपडेटची) नोंदणी दिसते का बघा, त्यात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सिक्युरिटी अपडेट मिळतात.

आणि सीपीयूचा डबा फरशीवर असेल तर उचलून लाकडी स्टुलावर ठेवा, खाली जाड रबर घाला. मागांच्या हादऱ्यानं नुसती केबल नाही, रॅमपण सैल होते.